आबांच्या प्रतिक्रियेला उत्तर: वडिलांची येझदी इंग्लंडला नेण्याबद्दल

आबा, नमस्कार.

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, वडिलांची जुनी येझदी मोटारसायकल इंग्लंडला न्यायला मी गाडीच्या किमतीच्या तिप्पट पैसे घातले आणि आता गावाकडच्या पोरांनाही त्याच नादाला लावतोय. दुसरं, आरटीओची एनओसी पुरते हे मी लिहिलं ते साफ चूक. तिसरं, कार्नेट, म्हणजे गाडी तात्पुरती परदेशी न्यायचा परवाना, काढलं असतं तर एवढी उठाठेव वाचली असती.

एनओसीचं तुमचं शंभर टक्के बरोबर. फॉर्म 28 ची एनओसी लागते ती गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असेल तेव्हा. गाडी कायमची देशाबाहेर चालली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 खाली नोंदणीच रद्द करून घ्यावी लागते. लेखात दुरुस्ती केली आहे. माझं वाचून कुणी आरटीओत चक्कर मारली असेल तर त्याची मनापासून माफी मागतो.

पण त्यातली एक गोम सांगायलाच हवी. नोंदणी रद्द करताना आरसी जमा करावी लागते, आणि तिकडे नोंदणी करणारं डीव्हीएलए नेमकं परदेशातल्या नोंदणीचंच कागद मागतं. म्हणून आधी सातबारा काढतो तसा गाडीच्या नोंदीचा सही-शिक्क्याचा उतारा काढून घ्या. रद्द केल्याचा दाखला वेगळा घ्या. आणि आरसी हातची जाण्याआधी तिच्या पानापानाची साक्षांकित प्रत ठेवा. गाडी कोणत्या सालची हे सिद्ध झालं नाही तर तिकडे ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो. म्हणजे या गाडीचं वय किंवा ओळख पक्की नाही, असा कायमचा शिक्का.

चेसिस नंबरचंही तसंच. तो आमच्या येझदीच्या मानेवर, म्हणजे हँडलखालच्या नळीवर; तिथे रंगाचे तीन थर चढलेले. रावेरच्या घराच्या ओट्यावर बसून मी ते रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू उतरवले आणि वर कागद धरून पेन्सिल घासली. आकडे उमटले, पण शेवटचा 3 आहे की 8 ते काही कळेना. बॅटरी तिरकी धरून पाहिलं तेव्हा 3 निघाला. आरसीवरही 3 च होता. तिथे 8 असता तर गाडी मी पाठवलीच नसती.

आता पैशांचं. नवी किंवा पाच-सहा वर्षांची गाडी पाठवू नका, हे तुमचं म्हणणं मलाही मान्य आहे. ब्रिटनमध्ये 10 वर्षांच्या आतल्या गाडीला मान्यतेची चाचणी लागते, वर ड्युटी आणि 20 टक्के व्हॅट. आमची येझदी 1984 ची. 30 वर्षांपुढची, मूळ रूपातली आणि ज्या मॉडेलचं उत्पादन बंद झालंय अशी गाडी संग्रहाची वस्तू म्हणून येऊ शकते. मग ड्युटी शून्य आणि व्हॅट 5 टक्के. 40 वर्षं झालेल्या गाडीला तिथे रोड टॅक्स नाही आणि एमओटीची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. राहतं घर परदेशातून ब्रिटनला हलवणाऱ्याला ड्युटी-व्हॅटची पूर्ण माफी असते, पण त्यासाठी गाडी किमान सहा महिने स्वतःच्या ताब्यात आणि वापरात असावी लागते. आमची वडिलांकडे होती, म्हणून ती वाट बंद.

यासाठीच मी लिहिलं होतं की पाठवण्याआधी गॅरेजला देऊन सायलेन्सर बदलू नका, दुसरं इंजिन बसवू नका. मूळ रूप गेलं की सवलत गेली.

जास्तीचा खर्च झाला तो माझ्या घाईने. क्रेट वखारीतून साध्या लाकडाचा करून घेतला. निर्यातीला लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं लागतं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का लागतो. न्हावाशेवा बंदरात पोचल्यावर क्रेट नव्याने करून घ्यावा लागला. शिवाय शिपिंग एजंटने तिकडच्या बंदरावरचे आकार आधी सांगितलेच नाहीत. भाव विचारताना ‘गाडी माझ्या दारात पोचेपर्यंत एकूण किती’ असंच विचारा आणि लेखी घ्या.

कार्नेट मात्र या कामाचं नाही, आबा. ते फिरून परत येणाऱ्या गाडीसाठी असतं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देते, त्यासाठी हमी ठेवावी लागते, आणि गाडी मुदतीत त्या देशातून बाहेर काढावी लागते. त्यावर तिथली नंबरप्लेट मिळत नाही. कायमची नेताना गाडी पोचल्यापासून 14 दिवसांत एचएमआरसीला, म्हणजे तिथल्या कर खात्याला, कळवायचं, त्याला नोव्हा म्हणतात. तेवढं झालं की डीव्हीएलएचा व्ही 55/5 फॉर्म भरायचा. नोव्हाशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही.

आणि तरीही का नेली, हे तुम्ही विचारलंत. याच गाडीवर वडील मला पुढे टाकीवर बसवून केळीच्या मळ्यात न्यायचे. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, ही गंमत मला त्यांनीच दाखवली. आता ते नाहीत. गाडी विकली असती तर भंगारात गेली असती, हे मला ठाऊक होतं. पैशांचा हिशेब तुमचाच बरोबर आहे, पण मी पैशांसाठी नेली नाही.

तुमचा नातू ऑस्ट्रेलियात बुलेट नेणार म्हणता. तिथले नियम आणखी कडक आहेत. आयातीची मंजुरी हाती येण्याआधी गाडी जहाजावर चढवायचीच नाही. मडगार्डखाली काळ्या मातीचा कणही चालत नाही, आणि जुन्या ब्रेकशूत किंवा गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर गाडी अडकते. 25 वर्षांपुढच्या गाडीसाठी मात्र वेगळी वाट आहे. त्या बुलेटच्या आरसीवर उत्पादनाचं साल काय लिहिलंय तेवढं बघून कळवा. मग पुढचं सांगतो.