'आधी शाळा, मग मत' असं इंग्लंडात घडलंच नाही

आमच्या दादरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर मतदार याद्यांचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडने 1832 मध्ये सगळ्या लोकांना मत दिलं, पण आधी त्यांना शिकवलं, बायकांनाही आपल्या कितीतरी आधी दिलं, आपण मात्र इंग्रजांकडून आयता मिळालेला हक्क अंगठेबहाद्दरांच्या हाती दिला, म्हणून आता बारावी पासची अट घाला. (त्यात 'साक्षर' हा शब्दच चुकीचा लिहिलाय, पण ते जाऊ दे.)

1832 चं आधी बघू. त्यापूर्वी ओल्ड सारम नावाच्या ओसाड टेकडीचे दोन खासदार पार्लमेंटात बसायचे आणि मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराचा एकही नसायचा. ही घाण त्या कायद्याने बरीच साफ केली, हे खरं. पण शहरात मत मिळालं ते वर्षाला 10 पौंड भाडं येईल एवढं घर किंवा दुकान ज्याच्या ताब्यात होतं त्याला. इंग्लंड-वेल्समधल्या पाच प्रौढ पुरुषांत जेमतेम एकाला. कामगार बाहेरच राहिले, म्हणून तर मताचा हक्क मागणारी चार्टिस्ट चळवळ उभी राहिली. 1842 च्या त्यांच्या अर्जावर 30 लाखांहून जास्त सह्या होत्या. पार्लमेंटने तो फेटाळला. बघितलं जायचं ते घर, अक्षर नव्हे.

आता 'आधी शिकवलं'. इथे तर क्रमच उलटा आहे. शहरांतल्या बऱ्याच कामगारांना मत मिळालं 1867 मध्ये. सरकारी प्राथमिक शाळांची पायाभरणी करणारा फॉर्स्टर यांचा कायदा आला 1870 मध्ये, आणि मुलांना शाळेत पाठवणं देशभर सक्तीचं झालं 1880 मध्ये. रॉबर्ट लो हे 1867 च्या सुधारणेचे कडवे विरोधक. ती मंजूर झाल्यावर मात्र, आता या नव्या मालकांना, म्हणजे नव्या मतदारांना, शिकवायला हवं, अशा अर्थाचं तेच बोलले. शाळा मताच्या मागून आली, बऱ्याच अंशी मताच्या धाकाने. शिवाय 1872 मध्ये गुप्त मतदान सुरू करताना, वाचता न येणाऱ्याची मतपत्रिका केंद्राधिकाऱ्याने त्याच्या सांगण्यावरून भरावी, अशी सोय त्याच कायद्यात होती.

बायकांचा मुद्दा अर्धा खरा. 1918 मध्ये तिथे मत मिळालं ते तिशीपुढच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने मिळालं 1928 मध्ये. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने बायकांना मत देण्याचा ठराव 1921 मध्येच केला. तोही मालमत्तेच्या अटीसकट, त्यामुळे लाभ थोड्याच जणींना झाला.

राहिला 'आयता' हा शब्द, आणि मला राग येतो तो याचाच. 1892 मध्ये आपले दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून मूठभर मतांनी निवडून आले. त्याच वर्षी मुंबईत बसून कुणालाही कायदेमंडळावर थेट माणूस पाठवता येत नव्हता. 1919 मध्ये मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा ते इथल्या सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते. त्याच वर्षी हिराबाई आणि मिठन टाटा या मायलेकी मुंबईहून लंडनला जाऊन बायकांच्या मतासाठी भांडल्या. पुढे सायमन कमिशनच्या वेळी बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. लोकांना निरक्षर ठेवायचं आणि मग त्याच कारणावरून त्यांना मत नाकारायचं, हा जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. इंग्रजांनी तो मानला नाही. 1935 च्या कायद्यातही मालमत्ता, कर, शिक्षण अशाच अटी राहिल्या. म्हणजे ग्रुपवरची बारावीची अट इंग्रजांनी वापरून झालेली आहे.

प्रौढ मताधिकार आला तो घटनेच्या कलम 326 ने. मुंबई महापालिकेची निवडणूक तर त्याआधीच, 1948 मध्ये, या तत्त्वावर झाली होती. 1951-52 च्या लोकसभा निवडणुकीत 17 कोटींवर मतदार होते आणि बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी: स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको' एवढंच सांगणाऱ्या सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली. त्यासाठी बारावी नव्हे, नाव सांगायची मुभा हवी होती.