निवारा बांधला, पुढे काय?

हवामान बदलाला तोंड कसं द्यावं, यावरचा एक लेख वाचला. त्यात बंधारे आणि वादळात आसरा देणाऱ्या पक्क्या निवाऱ्यांवर भर दिला आहे. ते हवेतच, पण तेवढ्याने भागत नाही. बांगलादेशाचंच बघा. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. २०२० मध्ये अम्फान चक्रीवादळ आलं, तेव्हा तिथला बळींचा आकडा शंभराच्याही आत राहिला. निवारे वाढले हे खरंच, पण गावोगावचे स्वयंसेवक भोंगे घेऊन दारोदार फिरतात, इशाऱ्याचे झेंडे लावतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून नेतात, हे कसं विसरायचं? पूर्वी बायका निवाऱ्यात जायलाच कचरायच्या, कारण वेगळी स्वच्छतागृहं नव्हती. गाय-बकरी मागे सोडून निघायलाही कुणाचा पाय निघत नसे. घरातली तीच तर पुंजी! मग गुरांसाठी उंचवटे बांधले गेले. असल्या गोष्टी तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाहीत.

जीव वाचल्यावरचा प्रश्न मात्र लेखात आलाच नाही. खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढचे काही हंगाम धड पिकत नाही, गोड्या पाण्याची तळी नासतात आणि कर्त्या माणसाला शहर गाठावं लागतं. मदतनिधीतला मोठा वाटा या काळासाठी राखून ठेवायला हवा आणि तो थेट गावाच्या हातात द्यायला हवा.