समुद्र न पाहता पॅसिफिक ओलांडण्याची रीत

सप्टेंबरात अलास्काचा हंगाम आटोपला की तिथली काही क्रूझ जहाजं व्हँकूव्हरहून जपानकडे निघतात. कंपनीला जहाज तसंही पलीकडे न्यायचंच असतं, म्हणून तिकीट बरंच स्वस्त पडतं. लेक सिअ‍ॅटलला, तिकीट स्वस्त आणि ‘जेवणखाण सगळं त्यातच’ हे तीन योग जुळून आले की डोंबिवलीचं जोडपंसुद्धा पॅसिफिक ओलांडायला तयार होतं. तुम्हीही झालात. अभिनंदन.

आता आठवडाभर जमीन दिसायची नाही. या दिवसांना जहाजावर ‘सी डे’ म्हणतात. त्या दिवशी करायचं असं काहीच नसतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. काही केलं नाही की माणसाचं लक्ष समुद्राकडे जातं. समुद्राकडे गेलं की कठड्याला शेजारी कोण उभं आहे तिकडे जातं. इतकी वर्षं नोकरी, मुलं, सोसायटीच्या मीटिंगा यांच्या आधाराने जे टाळलं, ते भर महासागरात कशाला उकरायचं? तेव्हा पुढे सांगतो तसा दिवस काढा.

जाग पहाटे चारला येईल. जहाज पश्चिमेकडे चाललेलं असतं, त्यामुळे बहुतेक रात्री घड्याळ तासभर मागे घ्यायला सांगतात. दिवस पंचवीस तासांचा होतो, शरीराला मात्र कोणी कळवत नाही. बिनखिडकीची केबिन घेतली असेल तर अंधार इतका गच्च, की डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळत नाही. बोलू नका. जागे आहात हे कळू देऊ नका. समोरची व्यक्तीही तेच करते आहे.

केबिन जेमतेम १७०-१८० चौरस फुटांची. एकाला कपाट उघडायचं तर दुसऱ्याने पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. आंघोळीला न्हाणीघराचा पडदा ओल्या अंगाला असा चिकटतो की साबण लावायचा की पडदा सोडवायचा ते आधी ठरवावं लागतं. चहाची तलफ आली तरी किटलीचा विषय काढू नका. घरून आणलेली इलेक्ट्रिक किटली जहाजावर चढतानाच काढून घेतली आहे. आगीच्या भीतीने इस्त्र्या-किटल्या ठेवून घेतात, उतरताना परत देतात. “मी सांगत होते” हे वाक्य आज एकदा यायचंच आहे, ते कोरड्या पोटी कशाला?

बाल्कनी घेतलेल्यांचं दुःख निराळं. उत्तर पॅसिफिकमध्ये धुकं दाटलं की बाल्कनीतून पांढरं काहीतरी दिसतं, तेवढंच. सागरी नियमानुसार अशा वेळी चालत्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा असतो. याचा फायदा घ्या. “अहो, काय म्हणत होते मी...” आणि भोंगा. पुढचं ऐकू आलं नाही असं म्हणता येतं.

मग बुफे. इथे मात्र हयगय नको. दारात हात धुवा म्हणून गाणं म्हणत एक मुलगा उभा असतो. त्याला हसून टाळू नका. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझर जेलला फारशी दाद देत नाही, हात साबणानेच धुवावे लागतात. आत शिरल्यावर कामाची वाटणी करा. तिने खिडकीजवळचं टेबल गाठून एका खुर्चीवर पर्स आणि दुसरीवर स्वेटर ठेवायचा, तुम्ही पहिली फेरी मारायची. खिडकीजवळचंच टेबल का, असं विचारू नका. सगळे तेच घेतात आणि पाठ खिडकीकडे करून बसतात, कारण वॅफल कधी येतात ते तिकडून दिसत नाही. पपई, ऑम्लेट, क्रोसाँ, तीन प्रकारचं चीज, आणि कोपऱ्यात करी सापडली तर सकाळी साडेसातला करीसुद्धा. भाडं भागिले दिवस भागिले जेवणं हा हिशोब तुम्ही पहिल्याच रात्री पॅडवर केलेला आहे, तेव्हा भूक हा मुद्दा येतच नाही. उठताना दोन केळी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये. “कशाला? दुपारी परत यायचंच आहे ना?” असं ती विचारेल. केळी घ्याच.

टेबल पुसणारा मुलगा बहुतेक वेळा म्हापशाचा नाहीतर मडगावचा निघतो. ‘कोंकणी कळटा?’ वगैरे झालं की त्याला सांगा, “मजा आहे बुवा तुमची, फुकट जग बघायला मिळतं.” आंतरराष्ट्रीय नियमाने त्याला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, यावरून उरलेल्या चौदांचा अंदाज घ्या. करार संपायला त्याला अजून चारेक महिने असतील. तो हसेल. मग त्याला पोह्यांचं विचारा.

दहा ते बारा गाठीशी व्याख्यान ठेवा. टांझानाइट या निळ्या खड्याचं फार चांगलं असतं. हा खडा टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याच्या एका छोट्या पट्ट्यातच सापडतो आणि कसा कोण जाणे, जहाजाच्या दुकानात आज सवलतीत असतो. तिथे ती पुढे वाकून बसली की घाबरू नका. “लक्ष्मी रोडला काय भाव पडेल?” एवढं म्हणा, आपोआप मागे टेकेल. नंतर बिंगो, नॅपकिनच्या घड्या, लाइन डान्स. व्यायामाला डेकवर फेऱ्या मारतात म्हणे. वारा फार असतो.

बाराला कप्तान बोलतो: वेग १९ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३५ किलोमीटर, खाली काही हजार मीटर पाणी, वारा अमुक. हे ऐकून पोटात गोळा येतो, म्हणून त्या वेळी बिंगोतच असावं.

दुपारी इंटरनेट. पॅकेज एकाच यंत्राचं घेतलंत हे उत्तम केलंत. तिने लॉग आऊट केल्याशिवाय तुम्हाला मिळत नाही आणि तिच्या बहिणीचे फोटो संपत नाहीत. तास-दीड तास अगदी अलगद जातो, आणि वर “झालं का?” या दोन शब्दांत संवादही घडतो.

हे सगळं जमलं तरी एक दिवस उरतोच, किंवा खरं तर उरत नाही. व्हँकूव्हर ते योकोहामा घड्याळ एकूण आठ तास मागे जातं. रोज एकेक तास मिळतोय म्हणून तुम्ही खुशीत असता आणि १८० रेखांशाजवळ वाररेषा ओलांडताना चोवीस तास एकदम काढून घेतात. सोमवारी रात्री झोपायचं आणि बुधवारी उठायचं. आता तुमची संकष्टी नेमकी मंगळवारी असेल तर? उपास बुडाला की फुकटात घडला? चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात मुंबई-पुण्याची, बाहेर धुकं, आणि माहेरच्या ग्रुपवर विचारावं तर इंटरनेट तुमच्याकडे. ती म्हणेल, तिथी काही रेषाबिषा ओळखत नाही, बुधवारी पाळते. तुम्ही म्हणाल, बुधवारी रात्री लॉबस्टर आहे.

या वादात पडू नका. सरळ खाली रिसेप्शनला जा आणि जो मंगळवार झालाच नाही त्याची माणशी रोजची टिप आपल्या खात्यावर कशी काय लागली ते विचारा. लागली आहे की नाही हे आधी बघत बसू नका. तेवढ्यात रांग वाढते, आणि तुमच्या पुढे विलेपार्ल्याचे एक काका प्रिंटआउट घेऊन उभे असतील.