परम सद्भाव आणि शिपाईमामा

मार्चमध्ये इन्कम टॅक्सच्या सवलतीला लागणाऱ्या पावत्यांसाठी आमच्या विमा कंपनीच्या सांगली शाखेत दारापर्यंत रांग असते. नेमका तेव्हाच हेड ऑफिसला साक्षात्कार होतो, की या शाखेचं ट्रेनिंग अपुरं आहे. ३१ तारखेच्या आत शंभर टक्के पूर्ण करा, असा मेल येतो. खाली लाल अक्षरात मॅनेजरसाहेबांचं नाव.

ट्रेनिंगचं ऑनलाइन मॉड्यूल पळवत पुढे नेता येत नाही. स्क्रीनवर दुसरी खिडकी उघडली की तिथंच थांबतं. त्यामुळं मी काउंटरवरच्या आजोबांना म्हणतो, "जरा थांबा हो, ग्राहकसेवेचा धडा चाललाय." आजोबा मिरजेहून आलेले. धड्यातल्या बाई गोड हसून सांगत असतात की ग्राहकाला ताटकळत ठेवू नये. आजोबा तेही ऐकतात.

मग मुंबईहून ट्रेनर आले. त्यांच्या पडद्यावरचा ग्राहक वय वर्षं ३५, टाय लावलेला, दरमहा हप्ता भरणारा. आमचा ग्राहक तासगावचा बागायतदार. तो म्हणतो, "बेदाण्याला दर आला की भरतो." आमच्या सिस्टीममध्ये मासिक, तिमाही, सहामाही, वार्षिक असे हप्ते आहेत. बेदाणा नाही. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, पण बाजाराला ते कोण सांगणार?

रोल प्लेला ग्राहक व्हायला कुणी उठेना, म्हणून चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांनाच खुर्चीत बसवलं. सरांनी परम सद्भावाचं तत्त्व समजावलं : प्रस्तावात आजार, व्यसन, सगळं खरं सांगायचं.

"तंबाखू खाता का, मामा?"

"खात न्हाई. नुसता धरतो."

"ते लिहावं लागेल. हप्ता थोडा वाढेल."

"आन् न्हाई लिवलं तर?"

सर खुलले. विमा कायद्याचं कलम ४५ हा त्यांचा आवडता विषय. माहिती लपवली तर पहिल्या तीन वर्षांत कंपनी क्लेम नाकारू शकते, त्यानंतर मात्र कुठल्याही कारणानं पॉलिसीवर शंका घेता येत नाही.

मामांनी मान डोलावली. "म्हंजी तीन वरसं दम धरायचा. एवढंच न्हवं?"

आम्ही सगळे टेबलाखाली पेन शोधू लागलो. सरांनी 'ऑब्जेक्शन हँडलिंग'ची स्लाइड लावली. तिच्यात 'परवडत नाही' आणि 'बायकोला विचारतो' यांची उत्तरं होती, याचं नव्हतं.

"सर, तुमची सोताची पॉलिसी कंची?" मामांनी सहज विचारलं.

"कंपनीचा ग्रुप विमा आहे."

"आन् नोकरी सुटली की वो?"

सर म्हणाले, चहा घेऊ या. चहानंतर ते थेट समारोपावर आले.

संध्याकाळी अभिप्रायाचा फॉर्म आला. पाचपेक्षा कमी तारे दिले तर कारण लिहिणं सक्तीचं होतं, तेही किमान दोनशे अक्षरांत. काउंटरवर रांग तशीच होती. शाखेतल्या सगळ्यांनी पाच तारे दिले.