सल्ल्यांची कीर्द

मुलुंडहून सकाळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या धीम्या लोकलच्या महिला डब्यातून मी नऊ वर्षे प्रवास करते आहे. ठाण्याहून बसून आलेल्या बायकांना ‘कुठे उतरणार?’ असे विचारल्यावर या नऊ वर्षांत मला मिळालेले उत्तर बहुधा ‘लास्ट’ हेच होते. पाचव्या महिन्यात पोट ओढणीखाली मावेनासे झाले आणि चमत्कार घडला. मी तोंड उघडण्याआधीच खिडकीजवळची बाई उठली, तिने मला बसवले, माझी पिशवी रॅकवर ठेवली आणि हँडलला धरून ती माझ्यासमोर उभी राहिली. या जागेचे भाडे कानांनी फेडायचे आहे, हे नाहूर येईपर्यंत माझ्या ध्यानात आले.

मी लेखा विभागात नोकरी करते. आवक वाढली की नोंद ठेवायची, ही आमची खोड असते. आठवडाभरात सल्ल्यांची आवक इतकी वाढली की मी एक शंभर पानी वही घेतली, जुन्या कीर्दीप्रमाणे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे, पानाच्या मधोमध रेघ ओढली, डावीकडे ‘जमा’ लिहिले आणि उजवीकडे ‘नावे’. जमेच्या बाजूला आलेला सल्ला लिहायचा आणि नावेच्या बाजूला तो ज्याने खोडून काढला त्याचे म्हणणे. महिनाअखेरीस तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळवू आणि शिल्लक राहील तेवढेच पाळू, असा माझा भाबडा बेत होता.

पहिल्याच पानावर पपई आली. एका बँकेत काम करणाऱ्या काकूंनी ‘पपईकडे बघूसुद्धा नकोस’ असे बजावले. तेव्हा आमच्या डब्यात दिवस गेलेल्या आणखी दोघी होत्या, एक नवव्या महिन्यातली आणि एक तिसऱ्या. त्यांपैकी नवव्या महिन्यातली शांतपणे म्हणाली, ‘काकू, कच्च्या पपईत चीक असतो, तो नको; पूर्ण पिकलेल्या पपईची गोष्ट वेगळी. मी डॉक्टरांना विचारले आहे.’ काकूंचे म्हणणे असे, की पपई ती पपईच. हा खटला भांडुपला उभा राहिला आणि घाटकोपरला निकालाच्या जवळ आला असतानाच तिथे मेट्रोची गर्दी आत शिरली. तीत एक बाई अशी होती, जिने प्रकरण अजिबात ऐकले नव्हते, परंतु तिच्या जावेने पपई खाल्ली होती. ती नोंद आजतागायत निकाली निघालेली नाही.

नवव्या महिन्यातली ती बाई मात्र माझ्या वहीतली सर्वांत मोठी ठेवीदार होती. ती शेवटपर्यंत लोकलने का येते, याचा मला अचंबा वाटे. पुढे कळले, की ते शुद्ध अंकगणित होते. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. त्यांतले ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीच्या आधी घेता येतात. पण आधी घेतलेला प्रत्येक दिवस नंतरच्या दिवसांतून वजा होतो, आणि तिला तो बाळाच्या खात्यात जमा करायचा होता. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दूर, वेगळ्या वेळी. झोपताना पाठीवर न झोपता कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपायचे, कारण वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवर पडतो. हे सारे तिने मला विक्रोळी ते कुर्ला एवढ्यात सांगितले आणि त्यातले एकही वाक्य ‘आमच्या वेळी’ने सुरू झाले नाही. तिसऱ्या महिन्यातलीला तिने अंथरुणातून उठण्याआधी मूठभर कोरडे कुरमुरे खायला सांगितले. त्याने त्या बिचारीची सकाळची ओकारी थांबली. परंतु डब्यातल्या मोगऱ्याच्या गजऱ्यांवर कुरमुऱ्यांचा इलाज चालेना, म्हणून ती नाकाशी लिंबू धरून दारातल्या वाऱ्याला उभी राही.

गर्भवतींना दिव्यांगांच्या डब्यातून जाण्याची मुभा आहे, हेही मला रोज कोणीतरी सांगत असे. मात्र मी खरोखर तिकडे वळू लागले, की ‘अगं, कालचे अर्धेच राहिले’ म्हणून मला हाताला धरून परत आणले जाई.

घरची आवक निराळीच होती. ग्रहण आले, तेव्हा सासूबाईंनी मला सुई-सुरीला हात न लावता, कूससुद्धा न बदलता एका जागी बसून राहायला सांगितले. त्यावर मी एवढेच म्हणाले, की दादर येईपर्यंत मी रोज याच अवस्थेत असते, तेव्हा माझी वर्षाची ग्रहणे केव्हाच पाळून झाली आहेत. त्यांनी ते मनावर घेतले नाही. जन्मल्या जन्मल्या बाळाला सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची, ही त्यांची दुसरी नोंद. डॉक्टरीणबाईंनी ती नावेच्या बाजूला ठामपणे खोडली. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नाही, असे त्यांनी बजावले. मी हे घरी वाचून दाखवले. सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘मग तुझा नवरा कसा वाढला?’ नवरा तेव्हा पंख्याखाली वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. पुरावा म्हणून तो फारसा बळकट नव्हता, तरी वाद तिथेच थांबला.

मुलगा की मुलगी, या विषयाला वहीची सहा पाने गेली. सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर १९९४ च्या कायद्याचा फलक असतो, गर्भलिंग येथे सांगितले जात नाही आणि विचारणेही गुन्हा आहे, असा. महिला डब्यात असा फलक नाही. पोट पुढे आले आहे की पसरले आहे, चेहऱ्यावर तेज आहे की काळवंडला आहे, गोड खावेसे वाटते की आंबट, एवढ्या साक्षीपुराव्यावर मुलग्याच्या बाजूने अकरा मते पडली, मुलीच्या बाजूने नऊ, आणि बँकेतल्या काकूंनी ‘जुळे’ म्हणून दोन्ही बाजूंना धीर दिला. सातव्या महिन्यात मैत्रिणींनी डब्यातच डोहाळेजेवण केले. दादरच्या फुलबाजारातून आदल्या संध्याकाळी आणलेल्या वेण्या हँडलांना बांधून झोपाळा कल्पिला गेला आणि दोन झाकलेल्या वाट्या माझ्यापुढे आल्या. मी एक उचलणार तोच गाडीने शीवच्या आधी गचका दिला. पेढा आणि बर्फी दोन्ही खाली पडली, आणि काकूंनी विजयी मुद्रेने सगळीकडे पाहिले.

बाळाच्या कपड्यांचा विषय खरे तर माझ्या अखत्यारीतला, म्हणजे साठ्याच्या हिशेबाचा. आईचे म्हणणे, जन्माआधी नवे काही आणायचे नाही. तिने तिच्या दोन मऊ सुती साड्या फाडून दुपटी केली आणि कुंची शिवायचे काम बारशाच्या आठवड्यावर ठेवले. माझी तारीख होती ऑगस्टमधली. बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज ओले करणार आणि मुंबईच्या पावसात सुती कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. लंगोट वाळेपर्यंत बाळ थांबत नाही, तेव्हा दोन डझनांवर तिसरा डझन हाताशी हवा, असा मी लेखी हिशेब मांडला. आईने कागद पाहिला, तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, ‘तुला मी चार लंगोटांवर वाढवले.’ वरळीच्या चाळीच्या गॅलरीतली ती दोरी बहुधा जादूची असावी.

पिशवीचे सांगायचे राहिले. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवावी, असे त्या नवव्या महिन्यातलीने रजेवर जाताना मला सांगितले होते. पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, बाळाची टोपडी, पायमोजे, धुतलेली दुपटी, आधारची झेरॉक्स हे सारे मी लिहून घेतले. ‘आणि सगळ्यांत आधी फाइल,’ असे ती म्हणाली होती. परंतु रक्तगटापासून सोनोग्राफीपर्यंतचे सगळे कागद असलेली फाइल न्यायची, हे कोणाला लिहून ठेवावे लागते का, असे वाटून मी ती एकच नोंद केली नाही. शिवाय तेरीज जुळल्याशिवाय पिशवी भरायची नाही, असा माझा हेका होता. मार्चअखेरही मी याच हेक्याने काढते.

सदतिसाव्या आठवड्यात, रात्री अडीचला, माझ्या पोटात कळ आली. नवरा ताडकन उठला, वही उघडून त्याने वीस मिनिटांत पिशवी भरली, आणि आम्ही रिक्षा केली. माझ्या पोटाकडे पाहून रिक्षावाल्याने प्रत्येक खड्ड्याला वळसा घातला आणि त्याच्या गावाकडे नवव्या महिन्यात किती तूप देतात, ते वाटेत सविस्तर सांगितले.

दवाखान्यात सिस्टरने पिशवी उघडली. तीत वेखंड निघाले, धुरीसाठी ओवा, मधाची बाटली, तिच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली सोन्याची अंगठी, उशाखाली ठेवायचा लोखंडी अडकित्ता, डिंकाचे लाडू आणि एक शहाळे. नवऱ्याने फक्त जमेची बाजू वाचली होती, आणि तीही पहिल्या पानापासून. गाऊन-दुपट्यांच्या पानापर्यंत पोचण्याआधीच पिशवी भरली होती. सिस्टरने सगळे एकेक करून टेबलावर मांडले आणि अत्यंत संयमाने विचारले, ‘फाइल कुठे आहे?’ मग तिने मला दुसरा प्रश्न केला, ‘कळा किती मिनिटांनी येतात?’ तेही मी मोजले नव्हते. खऱ्या कळा नेमाने येतात आणि हळूहळू जवळजवळ व जोरात येऊ लागतात. पाणी पिऊन, थोडे चालून किंवा कूस बदलून त्या थांबल्या, तर बहुधा खोट्या. हे माझ्या वहीत एकेचाळिसाव्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते.

दोन तास देखरेखीखाली ठेवून डॉक्टरीणबाईंनी मला तपासले आणि घरी जायला सांगितले. कळा खोट्या होत्या. मी उठून बसत असताना शेजारच्या खाटेवरची बाई, जिची स्वतःची वेळ जवळ आली होती, टेबलावरच्या मांडणीकडे पाहत मला म्हणाली, ‘ताई, संध्याकाळी पपई तर नव्हती ना खाल्लीत?’

खाल्ली होती. पिकलेली, दोन फोडी. पहिले पान काढून दाखवावे म्हणून मी नवऱ्याकडे वही मागितली, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहताच टेबलावरून अडकित्ता उचलून माझ्या हातात दिला.