लिगेती: व्हिएन्नापूर्वीचे
हंगेरियन संगीतकार ज्यॉर्ज लिगेती यांचे खरे संगीत डिसेंबर १९५६मध्ये हंगेरीतून निसटून व्हिएन्नाला पोहोचल्यावरच सुरू झाले, हे त्यांच्यावरील एका लेखातील विधान मला पटले नाही. जर्मनीतील कलोनच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओने त्यांना नवी साधने दिली आणि १९६१च्या ‘अ‍ॅटमॉस्फिअर्स’ या वाद्यवृंदरचनेत चाल व ठेका जवळजवळ विरून केवळ दाट स्वरपुंज उरला, हे मान्यच आहे. परंतु १९५१ ते १९५३ या काळात, पश्चिमेकडील नव्या संगीताला दारे बंद असलेल्या बुडापेस्टमध्ये लिहिलेली ‘मुझिका रिचेरकाता’ ही पियानोमालिका लक्षपूर्वक ऐकावी. तिची पहिली रचना जवळजवळ शेवटपर्यंत एकाच स्वरावर, निरनिराळ्या सप्तकांत फिरत राहते आणि दुसरा स्वर अगदी अखेरीस येतो. पुढे प्रत्येक रचनेत एकेक स्वर वाढत अकराव्या रचनेत बाराही स्वर हजर होतात. (एकच स्वर घोटणे आपल्या श्रोत्यांना नवे नाही, इथे मात्र सारा खेळ लयीचा आणि आघातांचा आहे.) याच मालिकेतील सहा रचना त्यांनी पाच सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांसाठी बांधल्या, पण १९५६मधील बुडापेस्टच्या प्रयोगात पाचच वाजवल्या गेल्या, सर्वांत कर्कश आणि माझ्या मते सर्वांत धीट असलेली सहावी वगळण्यात आली.