ऑक्टोबरात हिमालयात बर्फ पडत नाही, असे सांगणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांसाठी ‘अनुभवी ट्रेकरचा सल्ला’ या मथळ्याचा एक मजकूर सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि ट्रेकिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. परवा तो आमच्या घरच्या गटावरही येऊन पोहोचला, आणि पुढच्या आठवड्यात हिमाचलातल्या एका उंच खिंडीकडे निघालेल्या माझ्या भाचीने तो वाचून सॅकमधून वॉटरप्रूफ पँट आणि जास्तीचे हातमोजे काढून ठेवले. कारण विचारले तेव्हा “अहो मामा, ऑक्टोबरात तिकडे बर्फ नसतोच, सगळे तेच सांगताहेत” असे उत्तर मिळाले. सगळे म्हणजे ‘अनेकदा पुढे पाठवलेला’ अशी खूण मिरवणारा, लेखकाचे नाव नसलेला हा एक मजकूर.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे: डिसेंबरपूर्वी हिमालयात बर्फ पडत नाही, पावसाळ्यात राजगड-तोरणा केलेल्याला वेगळ्या तयारीची गरज नाही, बर्फ सुरू झालाच तर मागे न फिरता झपाट्याने खिंड ओलांडावी (कारण ‘पलीकडे फक्त उतारच आहे’), थंडीवर रमचे दोन घोट आणि विरळ हवेवर कापराची पुडी हे उत्तम उपाय, रात्री तंबूत शेगडी पेटती ठेवावी, आणि एकूण ओझे कमी बाळगावे.

पहिला दावा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. मोसमी पाऊस माघारी गेल्यावर ऑक्टोबरात हिमालयातले आकाश स्वच्छ असते आणि म्हणूनच तो ट्रेकिंगचा हंगाम मानला जातो. मात्र ‘सहसा पडत नाही’ आणि ‘पडतच नाही’ यांत जो फरक आहे, त्यात माणसे दगावतात. भूमध्य समुद्राकडून येणारे आणि पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात जास्त असले तरी सप्टेंबर-ऑक्टोबरातही येतात, आणि नेमका हाच काळ बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही असतो. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा मनालीतल्या बर्फाचा महिना उचलून खिंडीला चिकटवला आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे 2,000 मीटरवर आहे. तिथे 14 अंशांत पाऊस पडत असेल, तर साडेचार हजार मीटरच्या खिंडीत तोच ढग बर्फ टाकत असतो. 2018च्या सप्टेंबर अखेरीस लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडून शेकडो माणसे अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे धाडावी लागली, ती काही डिसेंबरची गोष्ट नव्हती. ज्या पुण्यात हवामान खात्याच्या कचेरीला आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात, तिथल्या शिकलेल्या माणसांनी अंदाज न बघता असला मजकूर पुढे ढकलावा, याचा मला विशेष राग येतो.

सर्वांत घातक सल्ला तिसरा, म्हणजे बर्फात मागे न फिरण्याचा आहे, आणि त्याला उत्तर द्यायला 2014चा ऑक्टोबर पुरेसा आहे. त्या वर्षी 12 ऑक्टोबरला ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकले आणि 14 ऑक्टोबरला नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिसरात प्रचंड बर्फ कोसळला. त्या वेळी 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग ला या खिंडीच्या दोन्ही अंगांना देशोदेशीचे ट्रेकर, वाटाडे आणि हमाल होते. त्या आपत्तीत किमान 43 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांत डोंगरात जन्म काढलेले स्थानिकही होते. लक्षात घेण्याची बाब अशी की खिंड ओलांडून मुक्तिनाथकडे उतरू लागलेल्यांपैकीही अनेक जण त्यांत सापडले, म्हणजे ‘पलीकडे फक्त उतारच आहे’ हा मजकुरातला दिलासा तिथे कामाला आला नाही. वादळ विशाखापट्टणमला धडकल्यापासून खिंडीत बर्फ पडेपर्यंत दोन दिवस मध्ये होते. वादळ हिमालयापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, म्हणून बातमी वाचून कोणी पान उलटत असेल, तर त्याने हे दोन दिवस आठवावेत.

‘झपाट्याने ओलांडा’ हे वाक्य पुण्यात खुर्चीवर बसून सोपे वाटते. प्रत्यक्षात वाऱ्यासह बर्फ पडू लागला की जमीन आणि आकाश एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, पुढचा उतार पाच फुटांचा आहे की पन्नास फुटांचा हे डोळ्यांना कळत नाही, आणि पुढे गेलेल्याच्या पावलांचे ठसे मागचा येईपर्यंत बुजून गेलेले असतात. हातमोजा काढून बूट बांधायला घेतला तर बोटे वळत नाहीत, आणि खाली ठेवलेला हातमोजा वाऱ्याने गेला की तो परत मिळत नाही. म्हणून तो मनगटाला दोरीने बांधायचा असतो आणि दुसरी जोडी सॅकमध्ये ठेवायची असते. जी वाट आपण नुकतीच चढून आलो, तिचे वळण, तिथला ओढा आणि कालचा मुक्काम आपल्याला ठाऊक असतो. पलीकडची उतरण कोणीही पाहिलेली नसते. त्यामुळे खिंडीखाली असताना बर्फ सुरू झाला तर मागे फिरणे, आणि तेही शक्य नसेल तर दरडीखाली व हिमस्खलनाच्या उतारांवर न थांबता सुरक्षित जागी मुक्काम करणे, हाच शहाणपणा आहे. वादळ ओसरून ऊन पडले तरी लगेच निघू नये, कारण ताजा बर्फ पडल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो.

सह्याद्रीच्या तयारीबद्दल फार बोलायला नको. जुलैत सिंहगडावर चिंब भिजलेला माणूस वर गरम भजी खाऊन दोन तासांत घरी येतो. शून्याखालच्या वाऱ्यात भिजलेली जीन्स मात्र अंगातली ऊब शोषत राहते. सुती कपडे नकोत, घाम बाहेर टाकणारा आतला थर, लोकरीचा किंवा फ्लीसचा मधला थर आणि वारा-पाणी अडवणारा बाहेरचा थर असावा, एवढे पुरे. ताज्या बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे होरपळतात, तेव्हा बाजूंनी झाकणारा गॉगल हवाच.

रमने ऊब वाटते हे खरे, पण ती त्वचेकडे रक्त धावल्यामुळे वाटते आणि शरीराच्या गाभ्यातली उष्णता मात्र निघून जाते. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. विरळ हवेवरचा खरा उपाय हळू चढणे हाच आहे: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे गिर्यारोहण वैद्यकाचे मार्गदर्शन आहे.

शेगडीचा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बर्फाने दाबलेल्या, चेन लावलेल्या तंबूत कोळसा किंवा स्टोव्ह पेटता ठेवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याची डोकेदुखी व मळमळ ही उंचीच्या त्रासासारखीच असते. ‘उंची लागली असेल’ म्हणून माणूस झोपतो आणि उठत नाही. बर्फात अडकलेल्या गाडीतही इंजिन चालू ठेवण्यापूर्वी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ उकरला पाहिजे आणि काच थोडी खाली ठेवली पाहिजे.

राहिला ओझ्याचा मुद्दा. ओझे कमी असावे हे बरोबर आहे, पण ते दुसरी पॉवर बँक आणि चिवड्याचा तिसरा डबा काढून कमी करावे. खरी कमतरता वेगळीच असते आणि तिचा मजकुरात उल्लेखही नाही: राखीव दिवस. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरी उटणे लावायचे ठरवून परतीचे विमान आधीच काढलेले असले, की खिंडीखालच्या तंबूत ढग पाहूनही माणूस चढायला निघतो. 2025च्या ऑक्टोबरात एव्हरेस्टच्या तिबेटकडील बाजूला बर्फात शेकडो ट्रेकर अडकले, तेही चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचे दिवस होते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात: राखीव दिवस आहे का, खिंडीच्या दिवशी किती वाजता मागे फिरायचे हे ठरले आहे का, आणि हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला तर वरचा मुक्काम कोण रद्द करणार. आपल्याकडे परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगता येत नाही, त्यामुळे वरून मदत मागायला अनेकदा कोणाला तरी खाली चालत यावे लागते. कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हे घरच्यांना कागदावर लिहून देऊनच निघावे.